इंजिन मागे, दांडा पुढे

रिक्षातून जाताना चालकाच्या डाव्या मुठीकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे काय? क्लचची पट्टी दाबून चालक ती मूठ थोडी पुढे किंवा मागे पिरगाळतो, 'खट्' असा आवाज येतो आणि गिअर बदलतो. पण आवाज येतो कुठून? मुठीतून नव्हे. तो येतो प्रवाशांच्या पाठीमागून. कारण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे आहेत आणि चालक बसला आहे पुढे. मधल्या दीड-दोन मीटर अंतरावर प्रवासी, त्यांच्या पिशव्या आणि गाडीची चौकट. एवढे अंतर ओलांडून मुठीचे फिरणे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते कसे?

मागे इंजिन असलेली रिक्षा बजाज कंपनीने १९७७ मध्ये आणली. १९८५ मध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचे औरंगाबाद) वाळूज येथे या कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. त्यामुळे या शहरातल्या मुलांना मागच्या इंजिनाचे फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते कोणी घरी किंवा शेडमध्ये अशी मोटार बनवायला घेतली म्हणजे. आपल्याकडे हा नाद नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून पुढे पंचवीसेक वर्षे 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः घडवले. तिचे इंजिनही मागेच होते. ती मोटार कारखान्यातून घाऊक बाहेर पडली नाही; पण एकट्या माणसाने चिकाटीने केवढे काम करावे याचा तो नमुना आहे.

मध्यंतरी इंजिनिअरिंगचे चार विद्यार्थी माझ्याकडे आले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या शेडमध्ये ते दोन बैठकांची मोटार बांधत होते. भंगारातून त्यांनी मारुती ८०० चे इंजिन गिअरबॉक्ससकट आणले होते आणि ते बैठकांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या आसाच्या थोडे पुढे बसवले होते. 'मध्य-इंजिन' मोटार म्हणतात ती हीच. तक्रार एकच होती : "सर, इंजिन झकास चालते, पण गिअरच पडत नाही. दांडा पहिल्यावर जातो आणि गिअरबॉक्स जागचा हलत नाही."

दांडा हलतो आणि गिअरबॉक्स हलत नाही, म्हणजे मधले हलणे गेले कोठे? हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटला तरी त्याचे उत्तर नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आहे.

आधी, इंजिन मध्ये बसवण्याचा खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात पाहू. मोटारीत सर्वांत जड वस्तू इंजिन. ते एका टोकाला असले तर वळणावर मोटार वळवणे आणि वळलेली सरळ करणे दोन्ही जड जाते. हातात दोन वजने घेऊन हात पसरून गिरकी घ्या, मग हात छातीशी घेऊन घ्या; फरक लगेच कळेल. जड वस्तू मध्याजवळ असली की फिरवणे सोपे. शिवाय वजन चालत्या चाकांवर येते, म्हणून ती घसरत नाहीत. शर्यतीच्या मोटारी बहुतेक अशाच असतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे २००७ पासून सुरू झालेल्या 'बाहा' स्पर्धेत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ज्या एक-बैठकी गाड्या बांधतात, त्यांचेही इंजिन चालकाच्या पाठीशी असते.

हे सारे फायदे खरे. पण त्यांची किंमत गिअरच्या दांड्याला मोजावी लागते.

दांडा दोन कामे करतो

मोटारीचा गिअरचा दांडा नीट पाहा. तो डावी-उजवीकडे हलतो आणि पुढे-मागे हलतो. ही एकाच कामाची दोन अंगे नाहीत. ही दोन वेगळी कामे आहेत. गिअरबॉक्समधली दंतचक्रे बहुधा सदैव एकमेकांत गुंतलेलीच असतात. त्यांच्या शेजारी आसावर सरकणारी कडी असतात आणि प्रत्येक कड्याला धरणारा एक काटा असतो. काटा सरकला की कडे एका चक्रात अडकते आणि ते चक्र आसाला जखडले जाते. यालाच आपण 'गिअर पडला' म्हणतो. एक काटा पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, असे ते असतात. दांडा डावी-उजवीकडे नेताना आपण फक्त कोणता काटा ते निवडतो. पुढे-मागे नेताना निवडलेला काटा सरकवतो.

मारुती ८०० च्या गिअरबॉक्समधून एक लहानसा आस बाहेर डोकावतो. तो स्वतःभोवती फिरवला की निवड होते. आत-बाहेर सरकवला की गिअर पडतो. म्हणून दांड्यापासून तेथवर जाणाऱ्या सळईला फिरणे आणि सरकणे दोन्ही पोहोचवावे लागते. मूळ मोटारीत ही सळई जेमतेम हातभर लांब आणि जवळजवळ सरळ असते. इंजिन पुढे, दांडा त्याच्या मागे, आणि तो आस दांड्याच्याच दिशेला तोंड करून असतो. सगळे कसे समोरासमोर.

आता तेच इंजिन उचलून बैठकांच्या मागे ठेवा. त्याचे तोंड तेच ठेवावे लागते, नाहीतर चाके उलटी फिरतील. पण दांडा आता इंजिनच्या पुढे आला आणि तो आस मात्र पूर्वीसारखाच मागे तोंड करून उभा! सळईला आता इंजिनला वळसा घालून, मागे जाऊन, पाठीमागून त्या आसाला धरावे लागते. 'मध्य-इंजिन' बांधणाऱ्यांची डोकेदुखी जगभर हीच आहे.

तोंड फिरवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. १९६६ मध्ये ब्रिटनच्या लोटस कंपनीने 'युरोपा' ही मध्य-इंजिन मोटार काढली. तिच्यासाठी फ्रान्सच्या रेनॉ १६ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन व गिअरबॉक्स घेऊन ती जोडी १८० अंशांत फिरवून बसवली. तशीच ठेवली असती तर मोटारीला चार गिअर मागे जाण्याचे आणि एकच पुढे जाण्याचा मिळाला असता! म्हणून गिअरबॉक्समधले चाकांना फिरवणारे मोठे दंतचक्र काढून पलीकडच्या बाजूला बसवावे लागले. तरीही गिअरबॉक्स इंजिनच्या मागे गेला, आणि दांड्यापासूनची सळई इंजिनला ओलांडून लांबवर न्यावी लागली ती लागलीच.

सळई की स्प्रिंग?

शेडमध्ये जाऊन पाहिले तेव्हा विद्यार्थ्यांनी १० मिमी जाडीची भरीव सळई इंजिनच्या बाजूने वाकवून मागे नेलेली दिसली. वाक चांगला सफाईदार होता, वेल्डिंगही नेटके. मी त्यांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगितले.

गिअर पडण्यासाठी तो आस सुमारे १० मिमी सरकावा लागतो असे धरू. दांड्याची मूठ टेकूच्या वर ३०० मिमी आणि सळईचा सांधा टेकूच्या खाली ५० मिमी. तरफेच्या नियमाप्रमाणे मूठ ६० मिमी हलली की सळई १० मिमी हलेल. हाताला हे बरोबर वाटते. पण बल उलट्या पटीत वाढते. मुठीवर ३० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे तीन किलो वजन उचलण्याइतके, तर सळईत १८० न्यूटन येते.

सरळ सळई १८० न्यूटन सहज ढकलेल. वाकडी सळई मात्र तसे करत नाही. तिची दोन टोके ज्या रेषेत आहेत त्या रेषेपासून मधला भाग १५० मिमी बाजूला गेला होता. ढकलणारे बल टोकांच्या रेषेतून जाते आणि पोलाद तर तेथे नाहीच! म्हणून मधल्या भागावर १८० गुणिले १५०, म्हणजे २७,००० न्यूटन-मिमी एवढे वाकवणारे आघूर्ण येते. बाजूला गेलेला भाग ६०० मिमी लांबीचा आणि टोके सांध्यांवर मोकळी असे धरून हिशेब केला, तर सळईची टोके एकमेकांकडे २९ मिमी सरकतात असे उत्तर येते. गरज १० मिमीची आणि सळई स्वतःच २९ मिमी दबायला तयार! गेलेले हलणे सापडले. ती सळई नव्हतीच, ती स्प्रिंग होती. एवढ्या बलाला नरम पोलाद कायमचे वाकूही लागते, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

फिरण्याचीही तीच गत. निवड करताना सळईवर २ न्यूटन-मीटर एवढे पिळणारे आघूर्ण आले आणि तिची लांबी दीड मीटर असली, तर १० मिमीची भरीव सळई २.२ अंश पिळली जाते. निवडीचे सगळे फिरणे १२ अंशांचे धरले तर त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा वाटेतच खर्च झाला. पहिल्याऐवजी तिसरा गिअर पडतो तो यामुळे.

उपाय काय? जाड सळई? नको, नळी! २० मिमी बाहेरचा व्यास आणि दीड मिमी जाडीची भिंत असलेली पोलादी नळी १० मिमीच्या भरीव सळईपेक्षा वजनाला फक्त ११ टक्के जास्त भरते. पण पिळाला ती साडेसात पट ताठ असते. तेवढ्याच आघूर्णाला तिचा पीळ ०.३ अंशापेक्षा कमी. याचे कारण असे की पीळ रोखण्याचे काम आसापासून दूर असलेला धातू करतो. मध्यावरचा धातू नुसता ओझे वाहतो. व्यास दुप्पट झाला की भरीव दंडाचा ताठपणा सोळा पट वाढतो, ही चौथ्या घाताची किमया आहे. बांबू, ज्वारीचे ताट, पक्ष्याचे हाड ही सारी याच हिशेबाने पोकळ किंवा आतून हलकी असतात. सायकलची चौकट तर तुमच्या रोजच्या पाहण्यात आहे.

दुसरा उपाय तरफेचा आहे आणि तो मला नळीपेक्षाही सुंदर वाटतो. दांड्यापाशीच सहा पट कपात कशाला करायची? टेकूखालचा भाग ५० ऐवजी १५० मिमी करा. मग मूठ ६० मिमी हलली की सळई ३० मिमी हलेल. गिअरबॉक्सजवळ तिप्पट कपात करणारी एक छोटी तरफ बसवा. आस पूर्वीप्रमाणेच १० मिमी सरकेल. हाताला काहीच फरक कळणार नाही. पण सळईतले बल आता १८० ऐवजी ६० न्यूटन झाले! वरची नळी आणि हे ६० न्यूटन एकत्र घेऊन तोच वाकडेपणाचा हिशेब पुन्हा केला तर २९ मिमीच्या जागी उत्तर येते १.३ मिमी. मुलांनी तो हिशेब दोनदा तपासला.

यात आणखी एक लाभ लपला आहे. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. पिन आणि भोक यांच्यात अर्धा मिमी फट धरा. पाच सांधे असतील तर अडीच मिमी हलणे नुसती फट भरून काढण्यात जाते. सळई जेमतेम १० मिमी हलत असेल तर हा चौथा हिस्सा झाला, आणि मुठीशी ती ढिलाई सहा पट होऊन १५ मिमी जाणवते. पण सळई ३० मिमी हलत असेल तर तीच अडीच मिमी ढिलाई गिअरबॉक्सशी पोहोचेपर्यंत तिपटीने कमी होते. नव्या तरफेच्या सांध्याची अर्धा मिमी मिळवली तरी एकूण सव्वा-दीड मिमीच्या आत राहते. सांधे वाढवूनही ढिलाई कमी! लांबचा प्रवास मोठ्या हालचालीने आणि कमी बलाने करावा, कपात शेवटी करावी. वीज लांबवर नेताना दाब वाढवून प्रवाह कमी ठेवतात आणि गावाजवळ आल्यावर दाब उतरवतात, युक्ती तीच.

नळी वाकवायची नसेल तर सरळ तुकडे घेऊन मध्ये फिरते सांधे घालता येतात. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचा युनिव्हर्सल जॉइंट यासाठी उत्तम. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने तो पुस्तकांत ओळखला जातो. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात. मात्र सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या बुशमध्ये पकडून ठेवल्या पाहिजेत. नाहीतर ढकलल्यावर सांधाच बाजूला पळतो, जसा चालताना गुडघा अचानक दुमडतो.

दिशेचे गणित

तरफ वाढवली की आणखी एक भानगड उभी राहते. टेकू मध्ये असलेल्या तरफेचे एक टोक पुढे गेले की दुसरे मागे जाते. म्हणजे दिशा उलटते. अशी एक तरफ मध्ये आली तर पहिल्या गिअरच्या जागी दुसरा येईल आणि दुसऱ्याच्या जागी पहिला. फिरण्याची दिशा उलटली तर डावीकडचे गिअर उजवीकडे जातील. दोन्ही उलटले तर सगळा नकाशा १८० अंशांत फिरेल. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. ज्या जागी हाताला वर्षानुवर्षे पहिला गिअर सापडतो, तेथे मागे जाण्याचा गिअर आला तर काय होईल याची कल्पना करा. समोर मोकळे मैदान, आणि मागे कोणीतरी उभे.

हिशेब मात्र अगदी सोपा आहे. बीजगणितातले उणे गुणिले उणे बरोबर अधिक, तेवढेच. दांड्याच्या मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत दिशा उलटवणाऱ्या तरफा मोजा. मूळ मोटारीतही मोजा. तेथे दांडा स्वतः एक तरफ असतोच. दोन्ही संख्या सम असल्या किंवा दोन्ही विषम असल्या तर गिअरचा नकाशा मूळचाच राहील. एक सम आणि एक विषम आली तर उलटेल. मग टेकू मधून काढून टोकाला न्या. टेकू टोकाला असलेल्या तरफेत दोन्ही सांधे एकाच दिशेने हलतात, म्हणजे कपातही होते आणि दिशाही बदलत नाही. विद्यार्थ्यांनी शेवटची तरफ अशीच केली. फिरण्यासाठी त्यांनी नळीवर आणि गिअरबॉक्सच्या आसावर सारख्या लांबीचे दोन हात लावले, दोन्ही वर तोंड करून, आणि ते एका आडव्या दुव्याने जोडले. समांतरभुज चौकोन झाला, दोन्ही आस एकाच दिशेने फिरू लागले. एक हात वर आणि दुसरा खाली लावला असता तर फिरणे उलटले असते.

इंजिन जागेवर थांबत नाही

आता एवढे सगळे ताठ केले की नवा शत्रू पुढे येतो. इंजिन रबराच्या उशांवर बसवलेले असते, नाहीतर त्याची थरथर सगळ्या मोटारीला लागेल. क्लच एकदम सोडला की ते उशांवर डुलते, आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्स काही मिलिमीटर पुढे-मागे होतो. दांडा मात्र चौकटीला पक्का. म्हणजे आपण दांडा न हलवताच आस आत-बाहेर सरकला! गिअर पडायला १० मिमी पुरतात, तर उडायलाही तेवढेच पुरतात. वेरूळच्या रस्त्यावरचा घाट उतरताना गाडी गिअरमध्येच का ठेवतात हे तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन गाडीला मागे ओढून धरते. तेथे गिअर आपोआप उडाला तर सगळा भार ब्रेकवर येतो.

मारुती ८०० मध्ये यावर एक छान तोड आहे. सळईच्या जोडीला आणखी एक दांडी असते. ती गिअर बदलण्याचे काहीच काम करत नाही. तिचे एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरे गिअरच्या दांड्याच्या बैठकीला जोडलेले असते. गिअरबॉक्स डुलला की बैठकही त्याच्याबरोबर तेवढीच हलते, दोघांतले अंतर तेच राहते. विद्यार्थ्यांनी ही दांडी निरुपयोगी समजून काढून टाकली होती. पण दीड मीटर लांब आणि इंजिनला वळसा घालणारी अशी दांडी पुन्हा बनवणे म्हणजे पहिलेच दुखणे दुसऱ्यांदा घेणे. येथे तारेकडे वळावे लागते.

तार आणि तिचे आवरण

सायकलच्या ब्रेकची वायर पाहा. आत पोलादी तार, बाहेर वेटोळ्याचे आवरण. दुकानात त्यांना 'इनर' आणि 'आउटर' म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांनी १८९६ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले, म्हणून तिला बोडन केबल म्हणतात. हँडल वळवले, वायर वाकडी झाली, तरी ब्रेक आपोआप लागत नाही. का? कारण तारेचे हलणे आवरणाच्या सापेक्ष मोजले जाते. तार जेवढ्या बलाने ओढली जाते तेवढ्याच बलाने आवरण दाबले जाते, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे. आवरणाचे एक टोक दांड्याच्या बैठकीला आणि दुसरे खुद्द गिअरबॉक्सला पक्के करा. मग इंजिन खुशाल डुलू द्या. डुलण्याने आवरणाचा वाक थोडा बदलेल, तारेची दोन टोके मात्र आपापल्या आवरणाच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर राहतील.

साधी तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून रिक्षात दोन तारा असतात. एक ओढली की दुसरी सैल होते, गिअर एकीने चढतात आणि दुसरीने उतरतात. मोटारीत वापरतात ती जाड तार ओढतेही आणि ढकलतेही, कारण आवरणात ती चपखल बसते आणि बाजूला वाकायला तिला जागाच नसते. अशा दोन तारा, एक निवडीची आणि एक गिअर टाकण्याची, म्हणजे काम झाले. टाटांची नॅनो, जिचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागे होते, आणि जपानच्या टोयोटा कंपनीची १९८४ ची मध्य-इंजिन एमआर-टू, दोन्हींत ताराच होत्या.

तारेचा शत्रू घर्षण. आणि ते कसे वाढते ही मोठी गमतीची गोष्ट आहे. दाव्याला हिसडा देणारा बैल एकटा माणूस हाताने धरू शकत नाही. पण दाव्याचे दोन वेढे झाडाला दिले की मुलगाही धरतो. वेढ्यागणिक घर्षण बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते, चक्रवाढ व्याजासारखे. आवरणातल्या तारेचेही तसेच. घर्षणांक ०.१५ धरला तर प्रत्येक काटकोनी वळणाला बल १.२७ पट लागते. दोन काटकोनांना १.६ पट, तीनांना २ पट, पूर्ण वेढ्याला २.६ पट. आश्चर्य असे की या हिशेबात वळणाची त्रिज्या येतच नाही! मोठे वळण घ्या की लहान, एकूण किती अंश वळलात एवढेच महत्त्वाचे. (अगदी आखूड वळणात तार मोडते आणि आवरण चिमटते, म्हणून ते टाळायचे, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा तार न्यायची वाट आखताना लांबी मोजू नका, अंश मोजा. थोडी लांब पण कमी वळणांची वाट चांगली.

हे शाळेत करून पाहण्यासारखे आहे. सायकलच्या ब्रेकची दीड मीटर वायर आवरणासह घ्या. फळा उभा ठेवून आवरणाची दोन्ही टोके त्यावर पकडा, तारेच्या खालच्या टोकाला १ किलोचे वजन टांगा, आणि दुसरे टोक ताणकाट्याने सावकाश, सारख्या गतीने ओढा. आवरण सरळ असताना, मग ९०, १८०, २७० आणि ३६० अंश वळवून वाचने घ्या. प्रत्येक वाचनाला आधीच्या वाचनाने भागा. भागाकार जवळपास सारखेच येतील; ते १.२७ च येतील असे नाही, ते तुमच्या तारेच्या घर्षणांकावर ठरेल. आता तेलाचे चार थेंब आवरणात सोडून पुन्हा करा. नंतर १८० अंशांचे वळण एकदा ताटाएवढे आणि एकदा वाटीएवढे घेऊन पाहा. शिक्षकांनी ओढताना आणि सोडताना अशी दोन्ही वाचने घ्यायला सांगावीत. वजन तेच असूनही ती वेगळी का येतात, यावर वर्गात चांगली चर्चा होते.

ज्यांना हा सगळा व्याप नको, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे : निवडीचे काम गिअरबॉक्सवरच सोपवणे. मोटारसायकलमध्ये गिअर ओळीने येतात, पायाने एक ठोका दिला की पुढचा. हालचाल एकच, म्हणून तारही एकच. वाळूजच्या कारखान्यात तयार झालेल्या 'क्यूट' या मागे इंजिनच्या चारचाकीत असेच ओळीने पडणारे गिअर आहेत. मोटारसायकलचे इंजिन वापरून गाडी बांधणारे विद्यार्थी याच कारणाने सुखी असतात. फक्त मागे जायचा गिअर नसल्यामुळे गाडी हाताने ढकलावी लागते.

आपल्या चौघांनी शेवटी तारा घेतल्या. नळीचा जुगाड चालला असता, पण इंजिनचे डुलणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एकूण वळण १८० अंशांच्या आत बसवायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. जुळवणीचा क्रम त्यांनी असा ठेवला : गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आहे याची चाके हाताने फिरवून खात्री केली. दांडा बैठकीत ठरावीक जागी पिन घालून जखडला. मग तारांच्या टोकांचे नट कसले, जेणेकरून दोन्हीकडचे न्यूट्रल एकच झाले, आणि नंतर पिन काढली. मागची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, एक जण दांडा हलवी आणि दुसरा गिअरबॉक्सच्या आसावर खडूची खूण करी. प्रत्येक गिअर पूर्ण पडल्यावर दांडा बैठकीच्या कडेला टेकत नाही ना, हेही पाहिले. तो आधी टेकला तर गिअर अर्धाच पडतो आणि पहिल्या धक्क्याला उडतो. मागे जाण्याच्या गिअरवर एक उचलायची कडी बसवली, म्हणजे चुकून हात तेथे जाणार नाही. मोटार वाहन कायद्यानुसार अशी घरी बांधलेली गाडी मान्यतेच्या चाचण्यांशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून चाचणी शेडच्या मागच्या बंद आवारातच झाली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. तिसऱ्यापर्यंत जायला आवार पुरले नाही.